कोरा पेपर देणारा पोरगा बाजारात चुकत कसा नाही?

यावेळी पत्र आलंय एका गणिताच्या बाईंचं. माहेर लातूरकडचं, देवगड तालुक्यातल्या एका हायस्कूलला लागून दोन वर्षं झाली, आठवीला गणित शिकवतात. पत्र चांगलं चार पानी आहे, त्यातलं महत्त्वाचं तेवढं देते:

"माझ्या वर्गात ३४ मुलं आहेत, त्यातली ११ अशी की चाचणीचा पेपर जवळजवळ कोरा देतात. मी काय काय नाही केलं, रामानुजनची गोष्ट सांगितली, मोटिवेशनचे व्हिडिओ दाखवले, बरोबर उत्तराला चॉकलेट ठेवलं, ओरडूनही झालं. चॉकलेट नेहमीची सहा मुलंच खातात. एक मुलगा तर मागच्या बाकावर डोकं टेकून पडलेला असतो, विचारलं की म्हणतो, 'बाई, माका गणित येना नाय.' आणि हाच मुलगा रविवारी मासळी बाजारात आईच्या बाजूला बसला होता, मी सुरमई घेतली तर माझ्याआधी त्याचा हिशोब करून झाला आणि सुट्टे पैसे हातात ठेवले. मग वर्गात याचं काय होतं? यांच्यात इंटरेस्ट कसा निर्माण करू?"

अगं, तुझ्याएवढी माझी भाची आहे, तेव्हा अहो-जाहो नको, सरळ तू म्हणते. मी ३१ वर्षं वेंगुर्ल्याच्या बाजूला गणित शिकवलं, आणि त्यातली पहिली दहाएक वर्षं तू करतेयस तेच करत होते, फक्त तेव्हा व्हिडिओ नव्हते म्हणून गोष्टी सांगायचे. पोरं गोष्ट मन लावून ऐकायची, टाळ्या वाजवायची, आणि वही उघडली की परत तीच मरगळ. आपल्याकडे पोरं पोहायला कशी शिकतात? पाठीला डबा बांधून विहिरीत सोडतात, पहिल्या दिवशी रडतं, चौथ्या दिवशी डबा सुटतो आणि मग त्याला विहिरीतून बाहेर काढायला घरच्यांना काठी घेऊन यावं लागतं. पोहण्याची आवड त्याला कुणी आधी लावलेली नसते, अंग तरंगलं म्हणून ती लागते. गणिताचं तसंच आहे गं. तू इंटरेस्टच्या मागे लागू नकोस, त्या ११ जणांना एकेक गोष्ट खरोखर जमेल याच्या मागे लाग, चॉकलेट तर उद्यापासूनच बंद कर, ज्याला ते मिळणार नाहीये त्याला तू रोज तेवढंच आठवण करून देतेयस.

आता जमेल कसं. आठवीचं पुस्तक क्षणभर बाजूला ठेव आणि पाच साधी उदाहरणं दे, मार्क नाहीत, नाव वाचून दाखवणार नाही हे आधीच सांगून. ४३ वजा १७, ४०२ वजा १७८, सात आठे किती, अर्धा अधिक पाव, आणि ३ वजा ८. बस. या पाचातून तुला कळेल की कोण कुठल्या इयत्तेत अडकून बसलाय, आणि तो आठवीत नसणार हे मी इथूनच सांगते. आपला कोकण विभाग दहावीच्या निकालात दरवर्षी पहिला, २०२५ ला ९८.८२ टक्के, पेपरात फोटो, पेढे, सगळं होतं आणि व्हायलाच पाहिजे, पण त्याच विभागात आठवीतल्या पोराला हातचा घेता येत नाही हेही तितकंच खरं आहे आणि ते फोटोत येत नाही.

त्यातलं दुसरं उदाहरण नीट बघ. ४०२ वजा १७८ ला बरीच पोरं ३७६ लिहितात. आपण लाल काट मारतो, 'लक्ष नाही' म्हणतो आणि पुढे जातो. पण थांबून बघ, एककाला २ मधून ८ जात नाहीत म्हणून त्याने ८ मधून २ घालवले, ६. दशकाला ० मधून ७ जात नाहीत म्हणून ७ मधून ०, सात. शतकाला ४ मधून १, तीन. म्हणजे पोराचं लक्ष अगदी जागेवर आहे, त्याने स्वतःचा एक नियम केलाय की मोठ्यातून लहान काढायचं, आणि तो नियम तो दुसरीपासून इमानदारीत पाळतोय. सहा वर्षं दर वेळी लाल काट, आणि कुणी एकाने त्याला विचारलं नाही की बाबा तू हे केलंस कसं. मग तो कोरा पेपर देईल नाहीतर काय करेल, कोऱ्याला निदान लाल काट तरी पडत नाही.

त्याला हातचा शिकवताना 'शेजाऱ्याकडून उसना घे' वगैरे नको, नोटांवर जा. खेळण्यातल्या नोटा आण, नाहीतर कागदाचे तुकडे कापून त्यावर आकडे लिही. तुझ्याकडे शंभराच्या चार नोटा आणि एकेक रुपयाची दोन नाणी आहेत, गिऱ्हाइकाला १७८ द्यायचेत, सुट्टे नाहीत. काय करशील? मच्छीवालीचं पोर एका सेकंदात सांगेल, शंभराची एक मोडून आणेन. दहाच्या दहा आल्या, त्यातली एक परत मोडली, रुपयाची दहा नाणी आली. आता हातात काय? शंभराच्या तीन, दहाच्या नऊ, आणि बारा नाणी. दे आता १७८. राहिले २२४. हे झालं की लगेच त्याच्या समोर फळ्यावर तेच उभं मांड, तीन, नऊ, बारा, आणि दाखव की तू आत्ता नोटा मोडल्यास ना, त्याच या वरच्या काटलेल्या आकड्यांत आहेत.

ही शेवटची पायरी गाळू नकोस, सगळी गोम तिथेच आहे. तुझ्या प्रश्नाचं उत्तरही तिथेच. ब्राझीलमध्ये रेसिफे म्हणून एक बंदर आहे, तिथे नारळ वगैरे विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास झाला होता, १९८५ साली छापून आला. गिऱ्हाईक बनून गाडीवर हिशोब विचारले तर ९८ टक्के बरोबर, आणि तसेच हिशोब नंतर कागदावर निव्वळ आकडेमोड म्हणून घातले तर ३७ टक्के. एक नारळ ३५ ला, दहाचे किती, तर पोरगा म्हणतो तीनचे १०५, अजून तीनचे म्हणजे २१०, असं करत करत ३५० ला पोचतो. दहाने गुणायचं म्हणजे पुढे शून्य ठेवायचं हे त्याच्या डोक्यातही येत नाही, पण उत्तर बरोबर! आपल्याकडेही कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणाऱ्या मुलांवर अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं असंच काम २०२५ मध्ये प्रसिद्ध झालं. बाजारातली मुलं तोंडी हिशोबात पक्की आणि शाळेसारख्या मांडणीत अडकणारी, आणि गंमत म्हणजे नुसत्या शाळेत जाणाऱ्या मुलांचं नेमकं उलटं, वहीत बरं आणि बाजारातला हिशोब आला की गडबड. म्हणजे इकडचं तिकडे आपोआप जात नाही. 'अरे हे तर तुझ्या बाजारातलंच आहे' असं म्हणून भागत नाही, मधला साकव आपल्याला घालावा लागतो.

तो कसा घालायचा? त्या मुलाला फळ्याजवळ बोलावू नकोस, जागेवरूनच बोलू दे. विचार, सुरमई आठशे रुपये किलो, पावणेदोन किलो घेतली, किती झाले. तो म्हणेल चौदाशे. बरोबर म्हणून सोडून देऊ नकोस, विचार कसे काढलेस. तो म्हणेल दोन किलोचे सोळाशे, त्यातून पावाचे दोनशे गेले. आता तू खडू घे आणि तो जे बोलला ते जसंच्या तसं लिही, २ गुणिले ८००, वजा पाव गुणिले ८००. त्याच्या खाली लिही, कंसात २ वजा १/४, कंस पूर्ण, गुणिले ८००. आणि वर्गाला सांग की हे याने केलं, कंस सोडवणं म्हणतात ते हेच. हे वाक्य चॉकलेटच्या डब्याहून जास्त काम करतं, कारण ते खरं आहे. 'हुशार आहेस हो तू' असलं नुसतं म्हणू नकोस, पोरांना लगेच कळतं की बाई बरं वाटावं म्हणून बोलतायत, आणि पुढचं उदाहरण चुकलं की हुशारी गेली असं वाटतं ते वेगळंच. त्याने काय केलं तेवढं नेमकं सांग.

आणि बघ ना, आपल्या भाषेतच हे सगळं बसलेलं आहे. सव्वा म्हटलं की पाव मिळवलेला आहे, पावणे म्हटलं की पाव काढलेला आहे. माझ्या आजीला सही येत नव्हती, अंगठा लावायची, पण पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, धडाधड, पाऊण, दीड, सव्वादोन, तीन, पावणेचार, साडेचार, भाकरी थापता थापता. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी शाळेतून गेल्या आणि अपूर्णांक आले, तेही वर एक आकडा, खाली एक आकडा, मध्ये रेघ. मी काही जुनं ते सोनं म्हणणारी नाही, पाढे घोकून घोकून वैताग आलेली पोरं मी बघितलीत. पण गावात अजून कुणाची आजी पाऊणकी म्हणणारी असेल तर तिला एक दिवस वर्गात बोलव. मी एकदा बोलावलं होतं, ती आजी आधी पदर तोंडाला लावून लाजत होती, मग सुरू झाली ती थांबेना. तिचा नातू त्या दिवशी पहिल्यांदा पुढच्या बाकावर बसला होता.

पाऊणकीवरून आठवलं, हा माझा सगळ्यात आवडता तास. आपल्याकडचे जुने मच्छीमार भरतीची वेळ कशी काढतात? तिथीची पाऊणपट करतात. आज चतुर्थी, चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. सप्तमीला सव्वापाच, अष्टमीला सहा, पौर्णिमेला किंवा अमावस्येला पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा. दुसरी भरती त्यानंतर साधारण साडेबारा तासांनी. ३/४ गुणिले ८ हे उदाहरण ज्या पोराला मेलेलं वाटतं त्याला हे विचारून बघ. आठवडाभर रोज फळ्याच्या कोपऱ्यात तिथी लिही, पोरांना वेळ काढायला लाव, आणि जेटीच्या बाजूला राहणाऱ्यांना ड्युटी दे की भरती खरी कधी आली ते बघून या, मोबाइलवरच्या वेळेशीही ताडून बघा. फरक पडणार, पडलाच पाहिजे. भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते आणि पाऊणकीचा हिशोब ४५ मिनिटं धरतो, शिवाय बंदराबंदरात वेळ थोडी पुढेमागे. मग रोजच्या पाच मिनिटांचे पंधरा दिवसांत किती होतात, आणि तरी आजोबांचं काम कसं भागत होतं, हे त्या सहा चॉकलेटवाल्यांना काढू दे, त्यांनाही जरा घाम फुटला पाहिजे ना. (हे वर्गातल्या हिशोबासाठी हं, या वेळेवर विसंबून पोरांनी खडपात कालवं काढायला जायचं नाही, तेवढं बजावून सांग.)

वजाबाकीचा सराव मात्र लागतोच, तो चुकवता येत नाही. पण वीस-वीस उदाहरणं फळ्यावर उतरवून नको देऊस. काप्रेकर माहीत असतील तुला, द. रा. काप्रेकर, आपल्याच किनाऱ्यावरच्या डहाणूला १९०५ साली जन्मले आणि पुढे देवळालीला शाळामास्तर होते. त्यांचा चार आकड्यांचा ६१७४ प्रसिद्ध आहे, पण तू आधी तीन आकड्यांवर खेळव. कुठलाही तीन आकडी अंक घ्या, तिन्ही आकडे सारखे नकोत. मोठ्याकडून लहानाकडे मांडा, त्यातून उलटा मांडलेला वजा करा, आलेल्या उत्तराचं परत तेच. ४०२ घे, ४२० वजा ०२४, ३९६. मग ९६३ वजा ३६९, ५९४. मग ९५४ वजा ४५९, ४९५. आता तिथेच फिरत राहतं. वर्गातला प्रत्येक जण वेगळा अंक घेतो आणि सगळे ४९५ वर येतात, तेव्हा वर्गात जो गलका होतो तो बाजूच्या वर्गातल्या सरांना आवडत नाही, पण तू होऊ दे.

यात अजून एक मजा आहे जी मला फार उशिरा कळली. जे पोर मोठ्यातून लहान काढतं, त्याचं काय होतं? ४२० वजा ०२४ चं उत्तर त्याला ४०४ येतं. मग ४४० वजा ०४४, परत ४०४. तो तिथेच अडकतो, कितीही वेळा केलं तरी. दुसऱ्याचं ६०६ वर अडकतं, तिसऱ्याचं ३०३ वर. बाकी सगळ्यांच्या उत्तरात मधला आकडा ९ येतोय आणि आपल्याच मध्ये शून्य का, हे पोर स्वतःच शेजारच्याच्या वहीत डोकावून विचारतं. तुला लाल पेन उघडावं लागत नाही. चूक आपली आपल्याला दिसणं आणि बाईंनी चारचौघांत दाखवणं यात किती अंतर आहे ते मला विचार. एका मुलाला मी सगळ्यांसमोर उभं करून साताचा पाढा म्हणायला लावला होता, तो सात चोक अठ्ठावीसला अडखळला, वर्ग हसला, आणि खोटं कशाला बोलू, मीही हसले. आज तो ट्रॉलरवर तांडेल आहे, डिझेल, बर्फ, खलाशांचे वाटे, सगळा हिशोब तोंडावर. दोन वर्षांपूर्वी बंदरावर भेटला, पापलेट दिलं, पैसे घेईना, आणि हसत हसत म्हणाला, बाई, तुमचा तास असला की माझ्या पोटात दुखायचं. पापलेट घशाखाली उतरलं नाही माझ्या.

पोर्शनचं टेन्शन तुला असणारच, मुख्याध्यापक विचारणार, आणि आता पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षेत पास व्हावं लागतं हेही आहे. तरी तासाची पहिली पंधरा मिनिटं या कामाला काढ, दिवाळीपर्यंत. शाळा सुटल्यावर त्या ११ जणांचा वेगळा वर्ग लावू नकोस, एक तर यष्टी निघून जाते आणि दुसरं म्हणजे दुसऱ्याच दिवशी गावभर त्याचं नाव 'ढ वर्ग' पडतं. सगळ्यांना एकत्रच घे, काप्रेकर सगळ्यांनाच चालतो. प्रश्न विचारलास की मनातल्या मनात दहापर्यंत मोज आणि मगच कुणाचं तरी नाव घे, हात वर करणाऱ्यांचं नको. ते दहा आकडे फार लांब वाटतात, मला अजून वाटतात.

छोटी गोष्ट पण बघून ठेव, कुणी त्रेसष्ट ऐकून ३६ लिहितंय का. आपण आधी तीन म्हणतो मग साठ, आणि लिहायचं उलट. बालभारतीने २०१९ ला दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' असं वाचन दिलं तेव्हा केवढी चेष्टा झाली, गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर बाई शांतपणे समजावत होत्या की मुलांना सोपं जावं म्हणून आहे, जोडाक्षरी नावं काढून टाकलेली नाहीत. मीही सुरुवातीला नाक मुरडलं होतं. पण अडणाऱ्या मुलाला 'साठ तीन' म्हणून दिलं तर लिहायला चुकत नाही, हे करून बघितलंय. आणि हे सगळं दोन-तीन महिने मनापासून करूनही एखाद्याला अंकच धरून ठेवता येत नसतील, आकडे उलटसुलट होत असतील, तर तो आळस नव्हे, अध्ययन अक्षमता असू शकते. पालकांना बोलावून तपासणीचं सुचव, प्रमाणपत्र मिळालं तर बोर्डाच्या परीक्षेत सवलती असतात, आणि खेडोपाडी हे पालकांपर्यंत पोचतच नाही.

पालकांवरून, गणपतीला मुंबईची मंडळी गावात येतील तेव्हा बाप लोकांना शाळेत गाठ. एकच विनंती कर, पोरासमोर 'आमच्या घराण्यातच गणित नाय' हे म्हणू नका. म्हणतात गं, अगदी अभिमानाने म्हणतात.

भरतीचं काय झालं ते मला नक्की कळव, अष्टमीला तुमच्याकडे सहाच्या किती अलीकडे-पलीकडे येते ते. आणि हो, त्या मुलाला सुरमईचं उदाहरण घालशील तेव्हा आधी त्याच्या आईला चालू भाव विचार. मी सोपं जावं म्हणून आठशे धरला, पण सीझनला आठशेने सुरमई कोण देतंय असं म्हणून तो हिशोब राहिला बाजूला, तुझ्याशी घासाघीस करत बसेल.